घरची वेळ, गाडीची वेळ

आमच्या सासऱ्यांना या पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन गावांमधलं अंतर ठाऊक होतं, आणि ते कापायला किती वेळ लागतो हेही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की समोरच्यानं ते विचारलेलं नाही. त्यांचं घर कल्याणला पारनाक्यापाशी, आणि मी ठाण्याला कचेरीत कारकून. पहिल्या दिवाळसणाला गेलो तेव्हा पाय धुवायला पाणी यायच्या आधी प्रश्न आला, की जावईबापू, गाडीतून किती वाजता उतरलात? मी सांगितलं. त्यांनी कनवटीचं घड्याळ काढलं, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि म्हणाले, "म्हणजे वाटेत अकरा मिनिटं कुठंतरी थांबलात." थांबलो होतो खरा. स्टेशनाबाहेर एक जुना स्नेही भेटला होता आणि त्याच्या चंचीतली तंबाखू मळण्यात तेवढा वेळ गेला होता. सासुरवाडीला तंबाखूचं कळू नये म्हणून मी चूळसुद्धा भरून आलो होतो, पण अकरा मिनिटांना चूळ कशी भरणार! दाराआडून हसू ऐकू आलं, ते माझ्याच बायकोचं होतं.

उभी हयात त्यांनी सरकारी मोजणी खात्यात काढली होती. साखळी घेऊन रानोमाळ हिंडण्याचं ते काम. पेन्शन झाली, साखळी सरकारजमा झाली, पण मोजणी काही सुटली नाही. साखळी नाही तर नाही, पावलं तर आपली आहेत, म्हणून ते पावलं मोजायचे. त्यांचं पाऊल म्हणजे सरकारी माप, चढावर आखूड नाही की उतारावर लांब नाही. ते चालत असताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हा सगळ्या आळीचा अलिखित नियम होता. कुणी चुकून नमस्कार केलाच, तर ते एक बोट वर करून त्याला थांबवायचे, पुढचा कोपरा गाठायचे, आकडा मनात पक्का करायचे, आणि मग नमस्कार घ्यायला परत यायचे. माझ्या लग्नात जानवसघरापासून मांडवापर्यंत वरात किती वेळात येते याचं गणित त्यांनी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. वाजंत्रीवाले रंगात आले आणि जागच्या जागी वाजवू लागले, तशी वधूपित्यानं मांडव सोडून निम्म्या वाटेवर येऊन त्यांना सुनावलं की बाबांनो, काय वाजवायचं ते चालता चालता वाजवा. मी घोड्यावर. मुंडावळ्यांतून पाहिलं, तर माझे होणारे सासरे घोड्याची पावलं मोजत होते.

आता कावळ्याचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. प्रत्येक गावाची ते दोन अंतरं सांगत, एक माणसाच्या वाटेचं आणि दुसरं कावळ्याच्या वाटेचं. कावळ्याची वाट म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली सरळ रेघ, वाटेत डोंगर नाही, खाडी नाही, घाट नाही. माणूस एक ना एक दिवस त्या वाटेनं जाणार अशी त्यांची खात्री होती. कशात बसून जाणार ते मात्र त्यांना सांगता येत नसे, आणि तो आपला विषय नव्हे असं ते म्हणत. तोवर निदान कावळ्याचा वेग तरी कळायला हवा, म्हणून एके दिवशी सकाळी ते दुर्गाडी किल्ल्याच्या बुरुजावर उभे राहिले आणि मला होडीनं खाडीपलीकडे कोनगावच्या काठावर धाडलं. कावळा इकडून सुटला की त्यांनी उपरणं हलवायचं, डोक्यावरून गेला की मी हलवायचं. मी नवा जावई, डोक्याला पगडी, पाय पोटरीपर्यंत चिखलात. कावळे निघायचे हो, पण निम्म्या खाडीत एखाद्या गलबताच्या डोलकाठीवर बसून चोच पुसायचे. तिथल्या एका आगरी म्हातारीनं माझी चौकशी केली, काय करतोस म्हणून. मी खरं ते सांगितलं. तिनं तिथं खेळणाऱ्या नातवंडांना जवळ ओढून घेतलं. दुपारपर्यंत एक सरळमार्गी कावळा मिळाला आणि त्याच्यावरून सासऱ्यांनी यच्चयावत काकजातीचा वेग ठरवून टाकला.

आगगाडीचं वेळापत्रक त्यांच्या देवघरात पोथ्यांच्या शेजारी असे. सकाळी स्नानसंध्या झाली की ते उघडून, बोट ठेवून, एकेक स्टेशन वाचत जायचे. कसारा, इगतपुरी, मनमाड, भुसावळ. मध्येच सासूबाईंनी काही विचारलं तर ते म्हणायचे, थांब, गाडी खंडव्याला उभी आहे. स्वतः मात्र नाशिकच्या पुढं कधी गेले नव्हते. आणि गाडीला जाताना घाई करणं त्यांना मुळीच खपत नसे. लोक दोन-दोन तास आधी बोचकी घेऊन स्टेशनावर पथारी पसरतात, तो त्यांना गणिताचा अपमान वाटायचा. घरापासून स्टेशन बावीस मिनिटांचं, तीन मिनिटं हाताशी ठेवायची, झालं. मी ठाण्याला परत निघालो की ते मला पंचवीस मिनिटं आधीपर्यंत पाटावरून उठू देत नसत. जीव नुसता टांगणीला. पण कबूल करायला हवं, माझी गाडी एकदाही चुकली नाही.

त्यात एक मेख होती, आणि ती त्यांच्याइतकी कल्याणात कुणाला उमगली नव्हती. आगगाडीची सगळी घड्याळं मद्रासच्या वेळेवर चालत. मद्रासला सूर्य आपल्या आधी उगवतो, त्यामुळे स्टेशनातलं घड्याळ आपल्या घरातल्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास पुढं असायचं. या अर्ध्या तासात किती जणांच्या गाड्या चुकल्या असतील देव जाणे. सासऱ्यांनी अंगणात तुळशीपाशी एक खिळा ठोकला होता. माध्यान्हीला त्याची सावली रेघेवर आली की ते भिंतीवरचं घड्याळ लावायचे. ती घरची वेळ. तिच्यात अर्धा तास मिळवला की गाडीची वेळ. ही विद्या त्यांनी शिकवली ती एकाच माणसाला, थोरल्या लेकीला. माझी बायको धाकटी, तिला यातलं काही येत नाही, याचा मला संसारात फार उपयोग झाला. थोरली मात्र बापाची लेक. लहानपणी सावलीवर रांगोळीचा ठिपका द्यायचं काम तिचं. आळीतल्या बायका नावं ठेवत असताना त्यांनी तिला अक्षरओळख करून दिली, ती आधी वेळापत्रकावरूनच.

आणि तिलाच त्यांनी जबलपूरला दिली.

स्थळ चांगलं होतं. आपल्यातलंच घराणं, दोन पिढ्यांपूर्वी कोकणातून तिकडे गेलेलं. सासूबाई नको म्हणत होत्या. त्यांचं म्हणणं दोन शब्दांचं होतं, फार लांब. सासऱ्यांपाशी उत्तर तयार होतं. सासूबाईंचं माहेर चिपळूणचं. लग्न झाल्यावर गलबतानं आणि मग पायी, त्यांना कल्याणला यायला आठ दिवस लागले होते. जबलपूर म्हणजे एक दिवस आणि वर चार तास. आज सकाळी बसलं की उद्या दुपारी लेकीच्या दारात. "तुझ्या माहेरापेक्षा तिचं माहेर सात दिवसांनी जवळ आहे," ते म्हणाले. कावळ्याचंही गणित त्यांनी मांडून दाखवलं. कावळ्याला रात्री झोपावं लागतं म्हणून त्याला दोन दिवस लागतील; म्हणजे आगगाडी कावळ्यालाही मागं टाकते. बारा वर्षांची पोर सासरी गेली.

एक दिवस आणि चार तासांच्या वाटेवरून तिला माहेरी यायला अकरा वर्षं झाली तरी जमलं नाही. आज काय जावेचं बाळंतपण, उद्या काय तिच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, परवा काय सोबत नाही. मुराळी म्हणून तिला आणायला जायला सख्खा भाऊ नाही. एक चुलतभाऊ गेला, तो पाहुणचार घेऊन, पुढच्या वर्षी नक्की असा निरोप घेऊन, हात हलवत परत आला. बापानं जावं, तर लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही हा आपल्याकडचा रिवाज, आणि तिला मूल नव्हतं. सासऱ्यांनी त्यावरही कागदावर मांडून तोड काढली होती. गाडी दुपारी पोहोचते, परतीची रात्री सुटते, तेवढ्यापुरतं आपल्याच तांब्यातलं पाणी प्यायचं, दशम्या खायच्या आणि लेकीला पाहून निघायचं. सासूबाईंनी विचारलं, व्याह्यांच्या ओट्यावर बसून आपल्याच दशम्या खाणार, मग त्या घरात पोरीला तोंड वर काढता येईल का? तो कागद त्यांनी घडी करून वेळापत्रकात ठेवून दिला. अंगणात कावळा ओरडला की सासूबाई हातातलं काम टाकून दाराशी यायच्या. यायचा तो मी. मला पाहून त्यांचा चेहरा पडायचा आणि मग लगेच त्या माझ्यासाठी शिरा करायला घ्यायच्या. असा कित्येक वेळा मी तो शिरा खाल्ला आहे.

पत्रं यायची. पहिल्या वर्षांतली पत्रं सासरे मोठ्यानं वाचून दाखवत. त्यांत ती लिहायची, इथं आम्ही रात्री आठला जेवतो, म्हणजे आपल्याकडे साडेसात. प्रत्येक वेळेला घरची वेळ सोबत. सासरे माझ्याकडे असे पाहायचे की जणू ते वाक्य त्यांनीच लिहिलंय. पुढं पत्रं विरळ झाली, आखूड झाली. आणि मग अकराव्या वर्षी एक कार्ड आलं. सगळं घर नवस बोलायला कोकणात कुलदैवताला निघालं होतं. मुंबईपर्यंत आगगाडी, तिथून दुसऱ्या दिवशी पहाटेची आगबोट, त्यामुळे वाटेत उतरणं नाही. परतताना कोल्हापूर-पुण्याचे नातलग करून दौंडावरून मनमाडला जाणार, म्हणजे कल्याण लागणारच नाही. पण जाताना गाडी कल्याणला दहा मिनिटं थांबते. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता. आईला घेऊन या.

आम्ही दोघं ठाण्याहून आदल्या दिवशीच जाऊन राहिलो. सासूबाईंनी तीन दिवस खपून नारळाचे लाडू, कुरडया, मेतकूट असं एवढालं गाठोडं बांधलं होतं, आणि ओटीचं सामान वेगळं. ही गाडी नेहमीची नव्हती, यात्रेकरूंसाठी सोडलेली जादा गाडी होती, आणि वेळापत्रकाच्या पोथीत तिचा उल्लेख नव्हता. माझी बायको म्हणाली, स्टेशनात एकदा विचारून यावं. सासरे दुखावले. "माझ्या मुलीनं लिहिलंय," ते म्हणाले, "मास्तरला काय विचारायचं?" तिनं पाच लिहिलं म्हणजे घरचे पाच, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. सासूबाईंचं म्हणणं, इकडची हरकत नसेल तर आपण दोन तास आधीच जाऊन बसू. त्यावर उत्तर मिळालं की आपण दोन तास आधी गेलो म्हणून गाडी काही दोन तास आधी येत नाही. अकरा वर्षं थांबलेल्या बाईला त्या दुपारी आणखी दोन तास पाटावर बसवून ठेवलं त्यांनी. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता, तो आजही लपवत नाही.

घरच्या घड्याळात साडेचार वाजून पाच मिनिटं झाली तसे आम्ही निघालो. पुढं सासरे पावलं मोजत, मागं आम्ही. निम्मी वाट झाली असेल, स्टेशनाकडून एक ओळखीचा हमाल येताना दिसला. त्यानं रामराम केला, सासऱ्यांनी बोट वर केलं. मीच विचारलं, जादा गाडीची काही बातमी? तो म्हणाला, जादा पाचची ना, तिची वेळ तर होऊन गेली की. सासऱ्यांनी घड्याळ काढलं. पावणेपाच. म्हणजे स्टेशनात सव्वापाच. बोट अजून वरच होतं. ते बोट हळूहळू खाली आलं आणि त्यांच्या तोंडचा आकडा पुसला गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सासूबाईंना वेळेचं गणित कळलं नसावं, पण सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहून काय ते कळलं. त्यांनी गाठोडं माझ्या हातात दिलं, काष्ट्याला हात घातला आणि त्या पळत सुटल्या. पन्नाशी उलटलेली बाई, भर रस्त्यातून, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. आणि त्यांच्यामागं आमचे सासरे, पावलं न मोजता, जमेल तसे, लांब-आखूड.

जादा गाडीला कोण विचारतो! घाटाच्या अलीकडे मेलला वाट द्यायला तिला बाजूला उभी करून ठेवली होती, म्हणून तिला वीस मिनिटं उशीर झाला होता. जन्मभर ज्या माणसानं उशिरा येणाऱ्या गाड्यांना शिव्या घातल्या, त्याची अब्रू एका उशिरा आलेल्या गाडीनं राखली. आम्ही पोचलो तेव्हा ती फलाटाला उभी होती आणि सुटायला पाच-सहा मिनिटं होती. सासूबाई खिडक्यांतून पाहत एका टोकाकडून निघाल्या आणि लेकीच्या खिडकीवरून पुढं निघून गेल्या. बारा वर्षांची पोर शोधत होत्या त्या. मागून हाक आली, "आई." तेव्हा त्या वळल्या. सासूबाईंनी खिडकीतूनच तिची ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ. घाईत निम्मे तांदूळ फलाटावर सांडले. आत बसलेल्या तिच्या सासूनं, बाईमाणूस ती, तोंड दुसरीकडे फिरवून घेतलं, आणि त्याबद्दल मी तिचे बाकीचे सगळे गुन्हे माफ केले आहेत.

सासरे धापा टाकत खिडकीशी आले. अकरा वर्षांनी लेक दिसते आहे, आणि या गृहस्थानं विचारावं काय? "तू गाडीची वेळ का लिहिलीस गं?"

तिला आधी समजलंच नाही. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती ओशाळली. "बाबा, तिकडे एकच वेळ असते," ती म्हणाली. "घरात तीच, स्टेशनात तीच. मी विसरूनच गेले."

जबलपूर आणि मद्रास नकाशावर जवळजवळ एकाच उभ्या रेघेवर येतात. हे त्यांना कुणी सांगायला नको होतं, ती रेघ त्यांनी शंभरदा पाहिली असेल. त्यांनी मान हलवली. बरोबर आहे, बरोबर आहे, असं दोनदा म्हणाले. मग खिडकीतून हात आत घालून तिच्या डोक्यावर ठेवला आणि गाडी हलली तरी तो काढायचं त्यांना सुचेना; मीच धरून मागं ओढलं. गाडी गेल्यावर सांडलेल्या तांदळांवर कावळे उतरले. सासूबाईंनी त्यांना हाकललं नाही.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. स्टूल ओढून घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाची काच उघडली आणि काटा अर्धा तास पुढं सरकवला. सासूबाईंनी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "तिच्याकडे एवढे वाजलेत." त्या दिवसापासून त्या घराचा सगळा कारभार जबलपूरच्या वेळेवर गेला. श्राद्धाला भटजी नेमक्या वेळी यायचे तर यजमान अर्धा तास ताटकळून बसलेले. आळीतली पोरं म्हणायची, यांच्याकडे आधी उजाडतं. पूर्वीचे सासरे असते तर त्यांनी पोरांना ओट्यावर बसवून सूर्याची गती समजावली असती. आता नुसतं हसायचे. तुळशीजवळच्या खिळ्याला सासूबाई फुलांची परडी अडकवू लागल्या.

पुढं काही वर्षांनी आमच्या थोरल्या मुलीला नागपूरचं स्थळ आलं. घराणं नामी, मुलगा हुशार. मी विचार केला, अंतराच्या गोष्टीत घरचा वैद्य असताना दुसऱ्याला कशाला विचारा? कल्याणला गेलो, पाय धुतले, पाटावर बसलो आणि विचारलं, की नागपूर आपल्याकडून किती पडतं? एके काळी प्रश्न पुरा व्हायच्या आत मैल, तास आणि कावळा, तिन्ही हजर झाली असती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"लांब आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, तसे मैल फार नाहीत, जबलपुरापेक्षा कमीच.

"मैल कमीच आहेत," ते म्हणाले. "पण लांब आहे, जावईबापू."

सासूबाई आत चुलीपाशी होत्या. त्या बाहेर येऊन त्यांच्या शेजारी, इतक्या वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं इतक्या जवळ, बसल्या. मी आल्या पावली परत गेलो आणि नागपूरला नकार कळवला. पोर ठाण्यातच दिली, टेंभी नाक्याच्या अलीकडे. लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी म्हातारा काठी टेकत आमच्या दारातून निघाला आणि तिच्या सासरच्या दारापर्यंत जाऊन आला. मी विचारलं, किती भरली पावलं? आकडा सांगितला नाही त्यांनी. दोनदा मोजलं, जवळ आहे, एवढंच म्हणाले आणि गूळपाणी मागितलं.

आता ते नाहीत, सासूबाईही नाहीत. ते घड्याळ आमच्या ठाण्याच्या घरी माजघरात आहे आणि अजून अर्धा तास पुढंच आहे. आल्यागेल्याला वाटतं बिघडलंय. मी एकदा काटा मागं घ्यायला स्टूल ओढलं, तर माझ्या बायकोनं, जिला त्या दोन वेळांमधलं काही येत नाही असं मी इतकी वर्षं समजत होतो, माझा हात धरला. संध्याकाळी बाहेर चांगलं ऊन असतं, मी कचेरीतून येऊन अंगरखा काढत असतो, आणि ती त्या घड्याळाकडे बघून सहज बोलल्यासारखं म्हणते, ताईकडे आता दिवे लागले असतील.